केनियातलं गुऱ्हाळ, कुपवाडचं पॅनेल : प्रकल्प नोंदी

१० जून २०२४, सोमवार

ऑर्डर पक्की झाली. पश्चिम केनियात, काकामेगाकडं गुऱ्हाळ. तीन काहिली, २२ किलोवॉटचा चरक, रसाचा पंप, चुलाणाचा ब्लोअर, धुराड्याचा फॅन. लोखंडकाम शेजारच्या शेडवाल्यांचं, पॅनेल आणि पीएलसीचा, म्हणजे पॅनेलमधल्या मशीन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरचा, प्रोग्रॅम आमचा, सांगलीजवळच्या कुपवाडचा.

तिकडं ऊस बारा महिने तुटतो. आपल्याकडच्यासारखं "हंगाम संपल्यावर सवडीनं बघू" म्हणायला जागा नाही. चरक थांबला की तोडलेला ऊस शेडबाहेर वाळत पडतो आणि रसाचा गुण दिवसागणिक उतरतो.

गेल्या वर्षीचं डोक्यातून जात नाही. त्याच देशातल्या दुसऱ्या एका ग्राहकाचं मशीन बंद पडलं. माणूस पाठवायचा तर पिवळ्या तापाची लस हवी, आणि लस टोचल्यावर १० दिवस गेल्याशिवाय ते कार्ड चालत नाही. मग प्रवासाची ऑनलाइन परवानगी, तिकीट, मुंबई, नैरोबी, पुढं रस्ता. आमचा फिटर पोचला सतराव्या दिवशी. एका सेन्सरची वायर टर्मिनलमधून सुटली होती. वीस मिनिटांचं काम. पीएलसीचा तो एक इनपुट मला इथून दिसला असता तर तिकडच्या ऑपरेटरला फोनवर सांगून चाललं असतं. ग्राहक काही बोलले नाहीत, पण वाळलेला ऊस कुणाच्या खात्यावर गेला ते मला माहीत आहे.

ह्या वेळी पॅनेलमध्ये सिमचा राउटर. कोटेशनमध्येच धरला आहे, वेगळा पर्याय म्हणून ठेवलेला नाही.

१३ जून, गुरुवार

वायर ओढायच्या आधी नियम लिहून काढले. दूरून काय करायचं ह्याच्या आधी काय करायचं नाही ते ठरलं पाहिजे.

दूरून चरक सुरू होणार नाही. प्रोग्रॅममध्ये त्या आदेशाचा बिटच ठेवायचा नाही. सुरू करायचं बटण चरकाजवळ, तारेनं जोडलेलं, आणि ते दाबणाऱ्याला दोन्ही रूळ डोळ्यांनी दिसले पाहिजेत. आमच्या थोरल्या चुलत्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं चरकात गेली. अडकलेलं कांडं काढत होते, आणि पलीकडच्या माणसाला वाटलं झालं काम. तो माणूस दहा फुटांवर उभा होता. मी पाच हजार किलोमीटरच्या आसपास असणार.

दुसरा नियम, दार आतून उघडायचं. पॅनेलवर किल्लीचा सिलेक्टर. ऑपरेटरनं किल्ली फिरवली तरच मला पीएलसीपर्यंत जाता येईल. दोन तासांनी टायमर ते आपोआप बंद करणार. मी आत असेपर्यंत पॅनेलच्या दारावर नारिंगी दिवा जळणार. तापमान, करंट, व्होल्टेज ह्या नोंदी मात्र राउटर स्वतः पीएलसीकडून वाचून बाहेर पाठवत राहील, त्याला किल्ली नको.

तिसरा, लिंक गेली तरी गुऱ्हाळ चाललं पाहिजे. १२ मेला समुद्रातल्या ईएएसएसवाय आणि सीकॉम ह्या दोन केबल तुटल्या तेव्हा केनियासकट पूर्व आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत नेट मंदावलं होतं. काहिलीवर पाक असताना मशीननं समुद्राकडं बघत बसायचं नाही.

२१ जून, शुक्रवार

राउटर आला. आतल्या मॉड्यूलचे बँड, म्हणजे मोबाइल सिग्नलचे पट्टे, तपासले: क्वेक्टेलचं ईसी२५-ई, त्यात १, ३, ५, ७, ८, २०, ३८, ४०, ४१. आपल्याकडं ३, ५ आणि ४० वर सगळं निभतं. तिकडं गावाबाहेर ८०० मेगाहर्ट्झचा बँड २० उपयोगी पडतो आणि तो भारतात कुणी वापरत नाही, म्हणजे इथं त्याची चाचणीही होणार नाही. फक्त भारतापुरता राउटर घेतला असता तर तो इथं टेबलावर झकास चालला असता आणि तिकडं पोचून गप्प बसला असता.

सिम तिकडचंच, ग्राहकाच्या नावानं नोंदवलेलं. इथलं सिम रोमिंगवर वर्षानुवर्षं चालवणं परवडत नाही, आणि कधी बंद करतील त्याचा नेम नाही.

२ जुलै, मंगळवार

टेबलावर मांडणी. राउटर, पीएलसी, एचएमआय (ऑपरेटरची स्क्रीन), एक लहान ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारा). सिम तूर्त आपलं.

ज्यांनी हे काम केलेलं नाही ते हमखास विचारतात, "राउटरचा आयपी टाकून थेट जाता येत नाही का?" नाही. सिमवर मिळणारा पत्ता खासगी असतो. आज राउटरला मिळाला तो १०० नं सुरू होणारा, १००.६४ ते १००.१२७ ह्या पट्ट्यातला. हा पट्टा २०१२ मध्ये खास मोबाइल आणि ब्रॉडबँड कंपन्यांसाठी राखून ठेवला. एका सार्वजनिक पत्त्यामागं कंपनी शेकडो सिम बसवते. आतून बाहेर जाता येतं, बाहेरून आत यायला वाट नाही. आमच्या कुपवाडच्या ब्रॉडबँडचीही तीच गत. आणि वाट असती तरी मी ती वापरली नसती. पीएलसीशी बोलायची भाषा मॉडबस, ती १९७९ ची. त्यात पासवर्ड नावाची वस्तूच नाही. पोर्ट ५०२ उघडा टाकला तर येणारा कुणीही लिहून जाईल.

म्हणून मधे एक सर्व्हर, मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये भाड्यानं घेतलेला, त्याला सार्वजनिक पत्ता. राउटर तिकडून त्याला वायरगार्डनं, म्हणजे कुलूपबंद खासगी बोगद्यानं, जोडणार, मी इकडून. दोघंही बाहेर पडून मधल्या ठिकाणी भेटणार. राउटर दर २५ सेकंदांनी एक रिकामं पाकीट पाठवतो, नाहीतर मोबाइल कंपनीच्या बाजूची वाट मिटून जाते. हिशेब केला: पाकिटं आणि दर दोन मिनिटांचा हँडशेक (दोन्ही टोकांनी एकमेकांची ओळख पटवणं) मिळून महिन्याला साधारण १२-१५ एमबी. त्यासाठी काटकसर करायची गरज नाही.

आता आजचा खरा वेळ कुठं गेला ते. सकाळी साडेदहाला सर्व्हरवरून हाक मारली (पिंग) की राउटर उत्तर देत होता, पीएलसी नाही. लॅपटॉप थेट पीएलसीला लावला की लगेच उत्तर. राउटरमधून पिंग केलं तरी उत्तर. फक्त सर्व्हरवरून आलं की शांत. फायरवॉल बघितली, वायरगार्डच्या किल्ल्या (गुप्त कोड) परत तपासल्या, केबल बदलली. जेवायची सुट्टी गेली. तीनला पीएलसीचं नेटवर्कचं पान उघडलं तर गेटवेच्या, म्हणजे बाहेर जायच्या वाटेच्या, खान्यात चार शून्यं. माझं पाकीट पीएलसीपर्यंत पोचत होतं, त्याला ते समजतही होतं. पण उत्तर द्यायचा पत्ता दुसऱ्या नेटवर्कमधला, आणि आपल्या गल्लीबाहेर जायचा रस्ता कुठून आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. गेटवेत राउटरचा पत्ता भरला आणि पिंग सुरू.

एचएमआयला तर गेटवेचा खानाच नाही. तिथं राउटरवर मास्करेड लावलं, म्हणजे बाहेरून आलेलं पाकीट राउटर स्वतःच्या नावानं पुढं देतो आणि एचएमआयला वाटतं की शेजारीच विचारतोय.

दर मशीनला वेगळा नंबर, वेगळं नेटवर्क. हे चौदावं, म्हणून १०.२०.१४. सगळीकडं १९२.१६८.१ ठेवायची सवय मोडायची. उद्या दोन मशीनं एकदम जोडली तर कुणाला हाक मारतोय तेच कळणार नाही. सर्व्हरवर नियम घातला: माझा लॅपटॉप पॅनेलकडं जाऊ शकेल, एक पॅनेल दुसऱ्या पॅनेलकडं नाही.

९ जुलै, मंगळवार

पॅनेलचं दार लावलं आणि सिग्नल उणे ९४ वरून उणे ११६ वर (उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर). पत्र्याची पेटी आहे, दुसरं काय होणार. बाहेर अँटेना, पाच मीटर केबल, ग्लँडमधून. परत उणे ९३. केबल लांब घ्यायचा मोह टाळला. केबल जितकी लांब तितका सिग्नल वाटेत मरतो.

२६ जुलै, शुक्रवार

आठवडाभर पाऊस. पॅकिंग झालेल्या पेट्या दोन फूट उंचीवर चढवल्या. २०१९ चं पाणी बघितलेला माणूस पेटी जमिनीवर ठेवत नाही. शेडमधले सगळे फोनवर कोयनेचा विसर्ग आणि आयर्विन पुलाची पातळी बघताहेत. आमच्या पोरांना दूरच्या नोंदीचं महत्त्व वेगळं समजवावं लागत नाही. धरणावर किती दरवाजे उघडले हे कळलं की इथं घरातलं सामान माळ्यावर कधी चढवायचं ते ठरतं. आकडा वेळेवर आला पाहिजे आणि खरा असला पाहिजे.

कागदपत्रं: केनिया ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सच्या निर्यातपूर्व तपासणीचं प्रमाणपत्र मशीनसाठी, आणि राउटरला रेडिओ असल्यामुळं तिथल्या कम्युनिकेशन्स अथॉरिटीची टाइप अप्रूव्हल. मॉडेल निवडतानाच अप्रूव्हल असलेलं घेतलं होतं, म्हणून अडलं नाही.

३० ऑगस्ट, शुक्रवार

कंटेनर मोंबासाला उतरला. फिटर ५ तारखेला निघतोय. त्याचं लसीचं कार्ड ह्या वेळी जुलैतच करून ठेवलं.

९ सप्टेंबर, सोमवार

गणपती घरात बसलेले, आणि मी शेडमध्ये. दुपारी १२:४० ला, म्हणजे तिकडचे सकाळचे १०:१०, पहिला हँडशेक. राउटर दिसला. फिटरनं किल्ली फिरवली, नारिंगी दिवा लागल्याचा फोटो पाठवला, आणि माझ्या स्क्रीनवर पीएलसीचा प्रोग्रॅम जिवंत झाला. पोरांनी मोरया केलं.

शेडच्या आत सिग्नल उणे १०८ होता. अँटेना पत्र्याच्या वर पाइपवर घेतली, उणे ९१. बँड २० च पकडला आहे. पिंग २३०-२४० मिलिसेकंद. प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर एवढी वाट बघत नव्हतं, दर दोन मिनिटांनी तुटायचं. टाइमआउट वाढवून पाच सेकंद केला, मग टिकलं.

१४ सप्टेंबर, शनिवार

पहिली काहील. माझ्याशेजारी मामा. शिराळा तालुक्यातले, चाळीस वर्षं गुळव्या. हा सगळा प्रोग्रॅम त्यांच्या हाताखाली काहिलीशेजारी उभं राहून केलेला आहे. मळी कधी काढायची, भेंडीचं पाणी कधी, चुलाण कधी मंद करायचं. त्यांच्या काहिलीत पीटी१०० हा तापमानाचा सेन्सर बुडवून मी चार दिवस मोजलं होतं: गूळ उतरवायला ११७ अंश. तोच आकडा प्रोग्रॅममध्ये. तिथं पोचलं की भोंगा.

एका स्क्रीनवर तापमानाची रेघ, फोनवर फिटरचा व्हिडिओ. ११४ ला मामा पुढं सरकले.

"उतरव म्हणावं त्याला. पाक पुढं चाललाय."

"मामा, अजून तीन अंश आहेत. भोंगा वाजू दे."

"भोंग्याचं ऱ्हाऊ दे. बुडबुडं बघ कसं जड झाल्यात. आरं, करपंल!"

मी थांबलो. भोंगा ११७ लाच वाजला. गूळ काळपट आणि दगडासारखा कडक. ढेप फोडायला हातोडी लागली. साठ-सत्तर किलो माल वाया गेला. मामा मला एक शब्द बोलले नाहीत. चहा तसाच ठेवून बाहेर जाऊन बसले.

१५ सप्टेंबर, रविवार

संशय सेन्सरवर. फिटरला सांगितलं, पातेल्यात पाणी उकळ आणि सेन्सर त्यात धर. स्क्रीनवर ९५.१. पाणी खदखदतंय आणि आकडा ९५.

पहिलं मनात आलं ते वायरिंग. लांबवर तीन तारांऐवजी दोन तारा ओढल्या तर तारेचा रोध सेन्सरच्या रोधात मिसळतो. पण पीटी१०० चा रोध तापमानाबरोबर वाढतो, ०° ला १०० ओहम, १००° ला १३८.५. तारेचा रोध मिसळला तर आकडा जास्त दिसेल, कमी कधीच नाही. म्हणजे वायर निर्दोष. दुसरा सेन्सर लावून बघितला, तोही ९५.

मग नकाशा उघडला. काकामेगा समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० मीटर उंच, सांगली साडेपाचशेच्या आसपास. वर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं. आमच्या शेडमध्ये तोच प्रयोग केला: ९८.२. तीन अंशांचा फरक पाण्यात आहे, तो पाकातही असणार. आमचा ११७ म्हणजे तिथला ११४. मामांनी बोट ठेवलं ते बरोबर ११४ वर.

सेन्सर खरा बोलत होता. मामाही खरं बोलत होते. खोटा होता तो मी सांगलीत मोजून प्रोग्रॅममध्ये गोठवलेला आकडा.

मामांच्या घरी जाऊन सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "महाबळेश्वरला डाळ शिजत नाही म्हणत्यात, तसंच की हे." मला हे आधी सुचायला हवं होतं.

१६ सप्टेंबर, सोमवार

प्रोग्रॅम बदलला. ठराविक ११७ काढून टाकला. आता मशीन बसवताना एकदा पाणी उकळून आकडा भरायचा, आणि गूळ उतरवायचं तापमान त्याच्या १८.८ अंश वर. नियम पाळला: काहिली रिकाम्या झाल्यावर ऑपरेटरनं किल्ली फिरवली, मग डाउनलोड. डाउनलोडला पीएलसी क्षणभर थांबते, आणि पाक चढलेला असताना ब्लोअर थांबलेला चालत नाही.

दुपारच्या काहिलीचा गूळ पिवळसर तांबूस, नखानं कण निघेल असा. तिकडं गुळाला सुकारी न्गुरू म्हणतात. तिथल्या ऑपरेटरनं तुकडा तोंडात टाकला आणि कॅमेऱ्याकडं बघून अंगठा दाखवला. मामांनी इकडून हात जोडले.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

फिटर परत येऊन आठवडा झाला. रात्री नऊला ग्राहकांचा फोन, तिकडं संध्याकाळचे साडेसहा. चरक दोनदा ट्रिप झाला. त्यांचं म्हणणं मोटर गेली.

आठवड्याच्या नोंदी उघडल्या. ड्राइव्हची डीसी बस, म्हणजे त्याच्या आतलं डीसी व्होल्टेज, लाइनच्या ४१५ व्होल्टला ५६० च्या आसपास असते. दुपारी ५५० होती. संध्याकाळी सहानंतर रोज ४९० पर्यंत बसते, म्हणजे लाइनला ३६० च्या आसपासच व्होल्ट येताहेत. आणि दोन्ही ट्रिपच्या क्षणी ती ४०० च्या खाली गेलेली, त्याच सेकंदाला धुराड्याचा फॅन थेट लाइनवर सुरू झालेला. मोटरचा करंट कुठंही वाढलेला नाही. मोटर ठणठणीत आहे. संध्याकाळचं कमी व्होल्टेज आणि त्यात फॅनचा सुरुवातीचा झटका.

क्रम बदलला: आधी फॅन, तो स्थिर झाल्यावरच चरकाच्या बटणाला परवानगी. ग्राहकांना सांगितलं, ट्रान्सफॉर्मरचा टॅप वीज कंपनीकडून तपासून घ्या, फॅनला सॉफ्ट स्टार्टर (झटका न देता हळू सुरू करणारा) मी पाठवतो. ९:५५ ला किल्ली काढली, दिवा विझला. पंचावन्न मिनिटं. गेल्या वर्षीचे सतरा दिवस आठवले आणि बराच वेळ शेडमध्येच बसून राहिलो.

५ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी राउटर गायब. चार तास काही नाही. फोनवर ऑपरेटर म्हणाला, गुऱ्हाळ चालू आहे, गूळ चांगला उतरतोय. सिमवरचा डेटाचा पॅक संपला होता. ग्राहकांनी भरला आणि राउटर आपणहून परत आला, मधल्या चार तासांच्या नोंदी त्यानं साठवून ठेवल्या होत्या, त्याही पाठोपाठ आल्या. तिसरा नियम कामी आला.

आता सर्व्हर दर महिन्याच्या २५ तारखेला मला आणि ग्राहकांना, दोघांनाही पॅकची आठवण पाठवेल. राउटरवरही लावून ठेवलं: दहा मिनिटं सर्व्हर दिसला नाही तर मोडेम बंद-चालू कर, तासभर दिसला नाही तर स्वतः रीस्टार्ट हो.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

हत्यारांची पूजा. क्रिम्पिंग टूल, मल्टिमीटर, ड्रिल, लॅपटॉप. मामा आले होते, त्यांनी आपली पाक ढवळायची जुनी लाकडी काठी आणून लॅपटॉपशेजारी ठेवली आणि दोन्हींवर झेंडूची फुलं वाहिली.

पूजा झाल्यावर मामा खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसले. काकामेगाची दुसरी काहील १०९ वर होती.

"अजून येळ हाय," म्हणाले, आणि आपट्याची पानं वाटत बसले. ११२ ला त्यांनी पानं बाजूला ठेवली.

पंधरावं मशीन युगांडासाठी आहे. नेटवर्क १०.२०.१५. राउटरबरोबर पाणी उकळायचं एक पातेलं पॅकिंग लिस्टमध्ये टाकलं.